काकांना चौथी श्रेणी हवी

सोमवार, ४ नोव्हेंबर. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत मोजे जुळवत बसलो होतो, एकाचीही जोडी लागेना, म्हणून ते बाजूला ठेवून हे पत्र लिहायला घेतलं.

आत्या, नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं होत नाही. तुला ऐकू येत नाही हे तू मान्य करत नाहीस, आणि मला मोठ्यानं बोलता येत नाही, कारण लाँड्रीला लागून मेट्रनबाईंची खोली आहे. म्हणून काकांबद्दलचं सगळं लिहूनच कळवतो. घाबरू नकोस. मी घाबरलो आहे तेवढं पुरे आहे.

काका ऑगस्टमध्ये बाथरूममध्ये पडले हे तुला माहीत आहे. तेव्हापासून त्यांना वरच्या मजल्यावरून तात्पुरतं तळमजल्यावर आणलं आहे. तळमजला म्हणजे ज्यांना हाताला धरून उठवावं लागतं, आंघोळ घालावी लागते, अशा म्हाताऱ्यांचा मजला. तिथे रात्रभर एक सिस्टर जागी असते. वरच्या मजल्यावर ज्याचं त्यानं करायचं. बाथरूम बोळाच्या टोकाला. घंटा वाजवली तर खालून माणूस वर येईपर्यंत घंटा वाजवणारा एकतर झोपलेला असतो, नाहीतर पडलेला.

आता बावीस तारखेला तपासणी आहे. दर वर्षी बाहेरून एक नर्सबाई येतात आणि इथल्या प्रत्येकाला किती शुश्रूषा लागते ते बघतात. प्रश्न विचारतात, खुर्चीतून उठायला लावतात, बटण लावायला सांगतात, सिस्टरचे कागद वाचतात आणि श्रेणी देतात. पहिली श्रेणी म्हणजे सगळं स्वतः करणारा. दुसरी म्हणजे थोडी मदत लागणारा. तिसरी म्हणजे उठणं, बसणं, आंघोळ, कपडे या सगळ्याला माणूस हवा. चौथी म्हणजे पूर्ण अंथरुणावर. तिसरी आणि चौथीवाले तळमजल्यावर राहतात. काकांची दुसरी आहे. ती तशीच राहिली तर त्यांना पुन्हा वर पाठवणार, असं मेट्रनबाईंनी सांगितलं आहे.

खरं म्हणजे काकांना तिसरी मिळायला हवी. पण गेल्या वर्षी त्यांनी काय केलं ते मी तुला कळवलं नव्हतं. तेव्हाच्या नर्सबाईंनी सहज विचारलं, "मास्तर, खाली वाकता येतं का?" जन्मभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस. त्यांनी पायाचे अंगठे धरून दाखवले. मग एका पायावर उभे राहिले. बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि दुसरी श्रेणी लिहून निघून गेल्या. काकांना सरळ करायला आम्हाला दोन दिवस लागले.

या वर्षी दुसऱ्या बाई येणार आहेत. काका म्हणतात, "यंदा पहिली आणतो बघ." रोज सकाळी खाटेला धरून टाचा उचलतात.

मी काय करावं? खोटं बोला असं मोठ्या माणसाला सांगता येत नाही, आणि खरं बोला असं सांगितलं तर ते म्हणतात, "खरंच बोलतोय. मी ठणठणीत आहे."

रात्रीचं सगळं व्यवस्थित आहे. काळजी नसावी.

तुझा भाचा


शनिवार, ९ नोव्हेंबर, दुपार

चि. धास्तीराव,

पत्र मिळालं. नववीत शाळा सोडलीस, पण एक काना-मात्रा चुकत नाही तुझी. तसं एखादं पाऊलही कधी चुकून टाकलं असतंस तर बरं झालं असतं. असो.

पहिली गोष्ट, मला ऐकू येतं. लोक पुटपुटतात.

दादाचं मला काही नवीन नाही. लहानपणी झाडावरून पडून त्याचा हात मोडला होता, आणि संध्याकाळपर्यंत तो आईला सांगत होता की हाताला मुंग्या आल्यात. आमच्या घरातल्या पुरुषांना दुखत नाही, खुपत नाही, त्यांना फक्त एक दिवस उचलून डॉक्टरकडे न्यावं लागतं. बायका तशा नाहीत. माझंच बघ. हल्ली मी काठी घेऊन हिंडते, पण ती कुत्र्यांसाठी. आमच्या गल्लीत कुत्री फार झाली आहेत. घरातही हाताशी ठेवते, एखादं आत शिरलं तर.

आता कामाचं. दोन पानं तू रडलास आणि रात्रीला दोन वाक्यं? मी पोरं वाढवली आहेत. पोरगं जी गोष्ट घाईनं उरकतं तिथेच पाणी मुरत असतं. रात्री त्याचं काय होतं? अंथरूण कोण बदलतं? सिस्टरला विचारून लिही, स्वतःच्या मनचं नको.

पोस्टानं पाचशे पाठवले आहेत. त्याला लागेल ते आण. हिशेब दे. नको म्हटलं तरी तू देणारच.

तुझी आत्या


बुधवार, १३ नोव्हेंबर. दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. मोठ्या मशीनमध्ये चादरी फिरत आहेत, मी समोर स्टुलावर बसलो आहे.

आत्या, नमस्कार.

पैसे मिळाले. काठी हाताशी ठेवतेस हे फार चांगलं. कुत्र्यांचा भरवसा नसतो.

सिस्टरना विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता, कारण सिस्टरना माहीतच नाही. ते फक्त मला माहीत आहे.

काकांचं अंथरूण बहुतेक रात्री ओलं होतं. सकाळी सिस्टर खाटा बघायला येतात, त्याच्या आधी मी लाँड्रीची ढकलगाडी घेऊन खोलीत जातो. ओली चादर गाडीच्या तळाशी, वर इतरांच्या. मग कोरडी चादर घालून चारी कोपरे ताणून ठेवतो. काका तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसतात. त्यांना बहुधा काही कळत नाही. आमच्यात त्यावर एक शब्दही झालेला नाही. मग मी त्यांना आंघोळ घालतो, सदऱ्याची बटणं लावतो, कारण त्यांची बोटं थरथरतात, मोजे घालतो आणि खुर्चीत बसवतो. खुर्चीत बसणं सगळ्यात अवघड. उठायला त्यांना एखाद्या दिवशी जमतं, बसायला कधीच नाही. गुडघे मध्येच अडतात आणि ते अर्ध्यावर तसेच राहतात, हवेत बसल्यासारखे.

सिस्टर येतात तेव्हा काका भांग पाडून वर्तमानपत्र वाचत असतात. सिस्टर कागदावर लिहितात, "स्वतः करतात. अंथरूण कोरडं."

यात मला काही गैर वाटलं नाही. त्यांची लाज राहावी एवढंच. मला बुटाची नाडी बांधायला त्यांनीच शिकवलं. मग त्यांचे मोजे मी घातले तर बिघडलं कुठे?

त्यांच्या खोलीत शेजारच्या खाटेवर पोस्टमास्तर आहेत. नोकरीत खरोखर पोस्टमास्तर होते. ते चौथ्या श्रेणीचे. त्यांचं मानेखाली फारसं काही हलत नाही, पण मानेच्या वर सगळं जोरात चालतं. दिवसातून चार वेळा दोघीजणी येऊन त्यांना कुशीवर वळवतात, पाठीला तेल लावतात, सूप भरवतात. काल ते काकांना म्हणाले, "मास्तर, तुम्हाला साधा सूपचा चमचा कुणी भरवत नाही. आयुष्यात कमावलंत काय?"

काका म्हणाले, "मी माझ्या हातानं खातो."

"हो, सदऱ्यावर दिसतंय," पोस्टमास्तर म्हणाले.

तपासणीची तयारी जोरात आहे. आज सकाळी काका बोळात चालून दाखवत होते. अर्ध्यावर त्यांनी स्वतःलाच "मागे फिर" असा हुकूम दिला आणि फिरताना माझ्या अंगावर आले. म्हणाले, "तू मध्ये आलास."

काय करू ते लिही.

तुझा भाचा


शनिवार, १६ नोव्हेंबर

चि. धास्तीराव,

कपाळावर हात मारून घेतला.

अरे, तपासणीच्या बाई येऊन काय वाचणार? सिस्टरचा कागद. त्यावर काय असणार? कोरडा, भांग पाडलेला, पेपर वाचणारा म्हातारा. दादाला वर कोण पाठवतंय? मेट्रनबाई नाही. तू. रोज पहाटे ती गाडी ढकलत तूच त्याला वरच्या मजल्यावर नेऊन सोडतो आहेस. आणि तिथे रात्री तो उठून बोळातून चालला की काय करशील? जिन्यावरून गाडी चढवशील?

चादर जिथे आहे तिथे राहू दे. सिस्टरला बघू दे. तुला जमणार नाही, ते मला माहीत आहे. म्हणून दुसरा मार्ग सांगते.

दादाला खरं बोल म्हणून सांगण्यात अर्थ नाही. त्याला वरचा नंबर दाखव. तो शाळेतला माणूस आहे. दुसरीतला पोरगा मोठा की चौथीतला? त्याला म्हणावं, श्रेणी म्हणजे इयत्ता. पोस्टमास्तर चौथीत गेले, तुम्ही अजून दुसरीत. एवढंच बोल आणि गप्प बस. पुढचं तो करील.

मी बरी आहे. गच्चीवर जायचं सोडलं, वर बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. स्वयंपाक बसून करते, उभं राहून केला की उगाच वेळ जातो.

तुझी आत्या


मंगळवार, १९ नोव्हेंबर. संध्याकाळचे पाच वाजून पाच मिनिटं. उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होतो, घड्या चुकायला लागल्या म्हणून थांबलो.

आत्या, नमस्कार.

तू सांगितलंस तसंच केलं. श्रेणी म्हणजे इयत्ता, एवढंच म्हणालो आणि गप्प बसलो.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग पोस्टमास्तरांकडे. म्हणाले, "म्हणजे हा माझ्या दोन इयत्ता पुढे?"

"कधीपासूनच," पोस्टमास्तर म्हणाले.

काका त्या दिवशी जेवले नाहीत.

आता त्यांना तिसरी नको, चौथीच हवी. मी म्हटलं, "काका, तिसरी पुरे. तिसरीला तळमजला मिळतो." तर म्हणाले, "मधल्या वर्गात बसायला मी काय ढ आहे?" त्यांनी पोस्टमास्तरांकडे शिकवणी लावली आहे. पोस्टमास्तर पडल्यापडल्या शिकवतात. "मान सैल सोडा, मास्तर. तुम्ही आडवे झालात तरी सावधानमध्येच दिसता." "नजर कुठेच ठेवू नका. तुम्ही हजेरी घेतल्यासारखं बघताय." काका आरशासमोर तोंड वाकडं करायचा सराव करतात. सकाळी डावीकडे, दुपारी उजवीकडे. एक बाजू ठरवा म्हटलं, तर म्हणाले, "दोन्हीचे मार्क मिळतील."

इथपर्यंत मी सहन केलं असतं. पण आज पोस्टमास्तरांनी सांगितलं की आठवणीचेही प्रश्न असतात आणि त्याला मार्क फार. तेव्हापासून काकांनी ठरवलं आहे की नाव, वार, महिना, काही म्हणजे काही आठवायचं नाही.

आत्या, इमारतीच्या मागे एक वेगळा भाग आहे. ज्यांना खरोखर काही आठवत नाही त्यांचा. दाराला बाहेरून कडी असते, कारण ते लोक उठून कुठेही निघून जातात. तिथल्या सिस्टर मायाळू आहेत, वाईट असं काही नाही. पण तिथे गेलेला माणूस पुन्हा पुढच्या इमारतीत आलेला मी पाहिला नाही. आणि काकांना सगळं आठवतं. शाळेतल्या पोरांचे हजेरी क्रमांकसुद्धा आठवतात. सगळं आठवणाऱ्या माणसानं तिथे बसून काय करायचं?

हे त्यांना समजावलं. म्हणाले, "तो पाचवीचा वर्ग असेल."

तपासणी शुक्रवारी आहे. तुझं पत्र त्याआधी आलं पाहिजे. चादरीचंही सांगतो. तू लिहिल्यावर मी एक दिवस गाडी आत न्यायची नाही असं ठरवलं. दारापर्यंतच नेली. मग आत गेलो.

तुझा भाचा


गुरुवार, २१ नोव्हेंबर, घाईत

धास्तीराव, पुढचं दादाला मोठ्यानं वाचून दाखव.

दादा, हात विसर, पाय विसर, वाटलं तर जेवायचं विसर. पण स्वतःचं नाव विसरलास तर मी तिथे येईन आणि तुझ्या त्या अख्ख्या मजल्याला तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगत बसेन. घोड्याची धरून.

धास्तीराव, घोड्याचं त्याला विचारू नकोस.

आत्या


रविवार, २४ नोव्हेंबर. सकाळचे अकरा. सुट्टी आहे, बागेतल्या बाकावर बसून लिहितो आहे.

आत्या, नमस्कार.

तुझं पत्र शनिवारी आलं. तपासणी शुक्रवारी झाली. तरी काकांना वाचून दाखवलं. घोड्यापाशी आल्यावर म्हणाले, "पुरे."

आता पहिल्यापासून सांगतो.

नातेवाईक म्हणून मला खोलीत थांबायला सांगितलं होतं. बाई बुटक्या, जाड चष्म्याच्या. खुर्चीवर बसल्या, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, सवडीनं बोलू या." घाई नसलेला माणूस बघून मला जास्तच धास्ती वाटली.

काका खाटेवर उताणे. तोंड डावीकडे.

"आज वार कोणता?"

"नाही," काका म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"आज वार नाही."

बाईंनी लिहिलं. मग माझ्याकडे बोट केलं. "हे कोण?"

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा माणूस मी पूर्वी पाहिलेला नाही. पण कामाचा दिसतो."

बाईंनी उजवा हात उचलायला सांगितला. काका म्हणाले, लुळा आहे. मग डावा. तोही लुळा. तेवढ्यात तोंड उजवीकडे गेलं होतं. शेजारून पोस्टमास्तर पुटपुटले, "डावीकडे, मास्तर, डावीकडे ठरलं होतं."

"कोणती बाजू गेली आहे, दोन्ही?" बाईंनी विचारलं.

"आलटून पालटून," काका म्हणाले.

बाई शांतपणे लिहीतच होत्या. तिसरं पान भरलं. मागच्या इमारतीच्या दाराची कडी मला डोळ्यांसमोर दिसत होती.

तेव्हा समोरच्या हॉलमध्ये व्यायामाचा तास सुरू झाला. एक मुलगी येते, गाणं लावते आणि सगळ्यांना खुर्चीला धरून पाय उचलायला लावते. तिचा आवाज खोलीत स्पष्ट येत होता. "उजवा पाय, एक. डावा पाय, दोन. छान. परत उजवा, एक."

काकांच्या कपाळावरची शीर वर आली. कवायत डाव्या पायानं सुरू होते, हे मला तिसरीत असल्यापासून माहीत आहे.

"मास्तर, तोंड," पोस्टमास्तर म्हणाले.

"आणि आता," मुलगी म्हणाली, "कुठलाही."

काका उठले. कुणाला न धरता उठले, सरळ दारापर्यंत गेले आणि असा आवाज लावला की कपाटातल्या औषधाच्या बाटल्या किणकिणल्या. "डावा आधी. आणि कुठलाही म्हणजे काय? पाय आहेत का भाजी?"

हॉलमध्ये सगळे थांबले.

"सावधान," काका म्हणाले.

आत्या, जे लोक वर्षभरात ताठ उभे राहिले नव्हते ते ताठ झाले. मेट्रनबाई फाइल घेऊन मधून चालल्या होत्या, त्यासुद्धा.

पोस्टमास्तरांनी डोळे मिटून घेतले. "गेली चौथी," म्हणाले.

मग "विश्राम" झालं. गाणं पुन्हा लागलं. मुलीनं डावा पाय आधी घेतला. पण काका दारातच उभे, सावधानमध्ये. मला वाटलं ते देखरेख करत आहेत. मग त्यांचा हात दिसला. दाराची चौकट त्यांनी घट्ट धरली होती आणि हात कोपरापासून थरथरत होता. त्यांना वळता येत नव्हतं. विजार भिजली होती आणि ओल पायाशी उतरत होती.

मी टॉवेल घेऊन पुढे झालो. बाई म्हणाल्या, "थांबा." अनवाणीच उठल्या, काकांच्या पुढून हात घालून दाराचा पडदा ओढला, म्हणजे हॉलमधून कुणाला काही दिसू नये. मग त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"मास्तर, आता खुर्चीपर्यंत कसं जायचं?"

"याला माहीत आहे," काका म्हणाले.

"त्यांना असेल. मला नाही. मला शिकवा."

काका हळू, पण कवायतीच्या सुरात म्हणाले, "पोरा, पुढे ये. जवळ. हात माझ्या काखेखाली. गुडघ्याला गुडघा लाव. वळायचं, पाऊल न उचलता. खुर्ची मागे लागली की सांग. मी तीन म्हटल्यावर खाली. आधी नाही." तीन म्हणाले आणि आम्ही बसलो.

"हे रोज?" बाईंनी विचारलं.

"रोज. उठता येतं कधीकधी. बसता येत नाही."

"बटणं?"

"हा लावतो."

"आंघोळ?"

"हा घालतो."

"आणि रात्रीचं?"

काका भिंतीकडे बघू लागले. मला वाटलं, आता "व्यवस्थित आहे" म्हणणार.

"चादर हा नेतो," ते म्हणाले. "गाडीच्या तळाशी घालून. याला वाटतं मला कळत नाही. म्हणून मी भिंतीकडे बघतो."

मी खिडकीची कडी नीट लागली आहे का ते बघायला गेलो. लागलेली होती. तरी थोडा वेळ बघत राहिलो.

बाई मला म्हणाल्या, "तुम्ही इथे काय काम करता?"

"लाँड्रीत आहे."

"सिस्टरच्या कागदात यांची आंघोळ नाही, बटणं नाहीत, चादर नाही. सगळं तुमच्या गाडीत. कागद वाचण्याऐवजी मी गाडीच तपासायला हवी होती." मग त्यांनी भरलेली तीन पानं फाडली, घडी करून काकांच्या हातात दिली. "ही तुमच्याकडे ठेवा, मास्तर. मेहनत दिसते. पण एवढे आजार एका माणसात मावत नाहीत." आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. काका या वेळी सगळ्याची नीट उत्तरं देत होते. वार शुक्रवार. मी कोण विचारल्यावर म्हणाले, "पुतण्या. अक्षर चांगलं आहे."

निकाल आठवड्याभरात कळेल. मेट्रनबाईंनी मला उद्या भेटायला बोलावलं आहे. गाडी घासूनपुसून ठेवली आहे.

तुझा भाचा


गुरुवार, २८ नोव्हेंबर

चि. धास्तीराव,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

"हा घालतो, हा लावतो" हे दादा स्वतःच्या तोंडानं बोलला, हे तू कानांनी ऐकलंस ना? की तुझ्या मनचं? आमच्या वडिलांनी शेवटच्या आजारातही कुणाकडे पाणी मागितलं नाही. तहानलेले राहायचे आणि घरादारावर चिडायचे. आम्हाला वाटायचं रागीट आहेत. दादाला ते आठवत असेल. मला तर रोज आठवतं.

चादरीवरून मी तुला बोलले ते बोलले. ते मागे घेत नाही. पण भिंतीकडे बघणारा तो आणि गाडीच्या तळाशी चादर घालणारा तू, दोघं एकाच मातीचे. कोण कुणाला झाकत होतं कोण जाणे.

निकाल आला की लगेच लिही. त्याला वर पाठवत असतील तर मी निघून येते आणि तुझ्या मेट्रनबाईंशी बोलते. काठी आणीन. प्रवासातही कुत्री असतात.

तुझी आत्या


मंगळवार, ३ डिसेंबर. सकाळचे सात. नव्या मदतनिसानं काकांना नुकतंच खुर्चीत बसवलं, ते बोळातून ऐकून लाँड्रीत आलो आणि लिहायला बसलो.

आत्या, नमस्कार.

तिसरी श्रेणी मिळाली. खोली तीच, खाट तीच. तुला यायला नको, कुत्र्यांमधून एवढा प्रवास कशाला?

आता रात्री सिस्टर दोनदा येऊन काकांना उठवून बाथरूमला नेते. आंघोळीला आणि कपड्यांना एक मदतनीस ठरवून दिला आहे. खुर्चीच्या पायांखाली ठोकळे लावून ती उंच केली आहे, म्हणजे गुडघे अडायच्या आत बसून होतं. गेल्या आठवड्यात चादर फक्त दोनदा ओली झाली, आणि दोन्ही वेळा सिस्टरनं ती सरळ सगळ्यांच्या देखत माझ्या गाडीत वरती टाकली. काका म्हणाले, "वरती टाकलीत ते बरं. खाली ती गुदमरते."

मेट्रनबाई मला एवढंच म्हणाल्या की पुन्हा गाडीत काही लपवलेलं सापडलं तर मलाच मशीनमध्ये घालतील. मी "बरं" म्हणालो. मी निघताना त्यांनी विचारलं की मास्तरांच्या सावधानला त्या स्वतःही ताठ उभ्या राहिल्या, हे कुणाच्या लक्षात आलं का. मी "नाही" म्हणालो.

नवा मदतनीस चांगला आहे. पहिल्या दिवशी काकांनी त्याला दोनदा दाराबाहेर पाठवून पुन्हा आत यायला लावलं. तिसऱ्यांदा त्याला पास केलं. गुडघ्याला गुडघा लावायचं काकाच त्याला शिकवतात. मी आता फक्त संध्याकाळी जातो, पाहुण्यासारखा स्टुलावर बसतो. हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. काल काकांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "बस ना नीट. कामावर आहेस का?"

पण ते निकालावर खूश नाहीत. तिसरी म्हणजे मधला वर्ग. बाईंकडे पुन्हा तपासणी मागणारा अर्ज काकांना माझ्याकडून लिहून हवा होता. अक्षर चांगलं आहे म्हणून. मी शाई संपली म्हणालो.

तू पाठवलेल्या पैशांचा हिशेब:

आले: पाचशे.

बटणांच्या जागी लावायची चिकटपट्टी, सहा सदऱ्यांना पुरेल एवढी: एकशे चाळीस.

शिंप्याची मजुरी: एकशे वीस. त्यानं दीडशे सांगितले होते. मी दुकानात उभा राहिलो, काही बोललो नाही, त्यानं आपणहून कमी केले.

रबरी तळाच्या सपाता, ओल्या फरशीवर न घसरणाऱ्या: एकशे ऐंशी.

पोस्टाची तिकिटं: पंचवीस.

एकूण खर्च: चारशे पासष्ट. शिल्लक: पस्तीस.

देणी:

काकांनी पोस्टमास्तरांशी पैज लावली होती की चौथी मिळवून दाखवतो. मला हे परवा कळलं. हरले. देणं: पन्नास. काका म्हणाले, "आत्ता देत नाही. पुढच्या वर्षी चौथी आणतो, मग फिटले." पोस्टमास्तर म्हणाले, "थांबतो. मला कुठे जायचंय?"

तुझ्या शिल्लकीतले पस्तीस आणि माझे पंधरा घालून मी ते पन्नास आजच पोस्टमास्तरांच्या उशीखाली ठेवले आणि त्यांच्याकडून "मिळाले" असं वदवून घेतलं.

काकांकडे बाकी: काही नाही.

तुझा भाचा